धडकेनंतर सायकलस्वाराने काय सिद्ध करायचे?

१/
१८७९ साली लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयापुढे एक चमत्कारिक प्रश्न आला : सायकल ही ‘गाडी’ आहे काय? उत्तर लंडनमधील मस्वेल हिल या चढउताराच्या भागात भरधाव सायकल हाकल्याबद्दल एका गृहस्थांना दंड झाला होता. ज्या कायद्याखाली तो झाला तो १८३५ चा, हमरस्त्यांविषयीचा. त्या काळी पायडल मारून चालवायची सायकल जन्मालाही आली नव्हती. तेव्हा ज्या वस्तूची कायदेमंडळाला कल्पनाच नव्हती ती कायद्यात कशी बसणार, असा बचाव करण्यात आला.

२/
न्यायालयाने तो मानला नाही. माणसाला वाहून नेते ते वाहन. भरधाव वाहनापासून वाटसरूंचे रक्षण हा कायद्याचा हेतू. म्हणून सायकलही गाडीच. हा ‘टेलर विरुद्ध गुडविन’ खटला. गंमत पुढच्याच वर्षीची. १८८० च्या ‘विल्यम्स विरुद्ध एलिस’ खटल्यात टोलनाक्याचा प्रश्न निघाला आणि तेथे मात्र सायकल गाडी नाही, असे ठरले. दंडापुरती गाडी, टोलपुरती गाडी नव्हे! १८८८ च्या स्थानिक राज्यकारभाराच्या कायद्याने हा घोळ मिटवला. सायकलला हमरस्त्यांच्या कायद्यांपुरती गाडी म्हणून जाहीर करतानाच रात्री दिवा आणि पुढच्याला ओलांडताना घंटी सक्तीची केली.

३/
म्हणजे सायकलस्वाराची कर्तव्ये नऊ-दहा वर्षांत ठरून गेली. त्याच सायकलस्वाराला दुसऱ्या वाहनाने उडवले तर त्याला काय मिळावे, आणि ते मिळवण्यासाठी त्याने काय सिद्ध करावे, या प्रश्नाच्या उत्तराला मात्र पुढची कित्येक दशके लागली. भारतात ते उत्तर आजही अर्धेच आहे. शिवाय ते एकदा अधिक चांगले होऊन पुन्हा मागे आले आहे. हा धागा त्या मागे येण्याविषयी आहे.

४/
मोटारीच्या इतिहासात सायकलस्वार पहिल्या पानापासूनच सापडतो. ३० मे १८९६ रोजी न्यूयॉर्कमध्ये ड्युरिया कंपनीच्या मोटारीने एका सायकलस्वार स्त्रीला धडक दिली. अमेरिकेतील पहिला नोंदलेला मोटार अपघात म्हणून त्याचा उल्लेख होतो. तिचा पाय मोडला, चालकाला कोठडीत बसावे लागले. मोटार आणि सायकल यांच्या टकरीत हाड कोणाचे मोडते, हे त्या पहिल्याच दिवशी दिसले होते.

५/
आता भारताकडे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम २७९ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन हाकणाऱ्याला अथवा स्वारी करणाऱ्याला शिक्षा सांगते. हे कलम बग्ग्या, टांगे, बैलगाड्या आणि घोडेस्वार डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले. १८७० मध्ये हयगयीने मृत्यू घडवण्याविषयीचे कलम ३०४-अ जोडले गेले. आज भारतीय न्याय संहितेत त्यांची जागा अनुक्रमे २८१ आणि १०६ या कलमांनी घेतली आहे. घोडे गेले, मोटारी आल्या, शब्दरचना बरीचशी तीच राहिली.

६/
ही कलमे सायकलस्वारालाही लागू होतात, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. इंग्लंडमध्ये तर २०१७ साली, पुढचा ब्रेक नसलेल्या सायकलची धडक बसून एका पादचारी स्त्रीचा मृत्यू झाल्याच्या प्रकरणात, सायकलस्वाराला १८६१ च्या कायद्यातील ‘बेफाम हाकण्या’च्या कलमाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सायकलस्वार म्हणजे निरुपद्रवी जीव, असे कायद्याने कधीच मानलेले नाही आणि मानूही नये.

७/
पण फौजदारी कलम चालकाला शिक्षा देते. जखमीच्या औषधपाण्याचे काय? कर्ता माणूस गेला तर घर कसे चालावे? हा दिवाणी प्रश्न. जुन्या इंग्रजी कायद्यात माणूस मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर मरे. रेल्वे आली, अपघात वाढले, तेव्हा १८४६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने हे बदलले आणि त्याच धर्तीवर भारतात १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा झाला. मृताची पत्नी, पती, मुले आणि आईवडील यांना भरपाई मागता येऊ लागली. हक्क कागदावर आला खरा; पण त्यासाठी दिवाणी कोर्टात जायचे, स्टँप भरायचा, वकील द्यायचा आणि वर्षानुवर्षे तारखा मोजायच्या. सायकलवरून गिरणीत जाणाऱ्या कामगाराच्या विधवेला हे कितपत परवडले असेल?

८/
याच काळात राज्यसंस्थेची सायकलस्वाराशी ओळख फार घट्ट होती. नगरपालिका सायकलवर कर घेत आणि त्याचा धातूचा बिल्ला देत. बिल्ला नसला की सायकल जप्त. दिवा विझला की पोलिसाची शिट्टी. डबलसीट दिसले की दंड, नाहीतर चाकातली हवा सोडणे. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात दोन-तीन पिढ्यांच्या आठवणीत कायदा म्हणजे चौकातला हवालदार आणि आपण म्हणजे विझलेला रॉकेलचा दिवा, एवढेच चित्र उरले. दंड द्यायच्या वेळी सायकलस्वार सरकारला नेमका सापडे.

९/
मोटारींविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. त्यात परवाने आणि नोंदणी होती. विम्याची सक्ती नव्हती. म्हणजे खटला जिंकला तरी मोटारमालकाकडे पैसा नसेल तर हुकूमनामा फ्रेम करून लावण्यापुरताच. इंग्लंडने १९३० मध्ये तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद आली, पण तो भाग प्रत्यक्षात लागू झाला १ जुलै १९४६ रोजी. सायकलस्वाराच्या हक्कांच्या इतिहासात ही तारीख मोठी आहे. त्या दिवसापासून धडक देणाऱ्याच्या खिशाऐवजी विमा कंपनीच्या तिजोरीकडे बोट दाखवता येऊ लागले.

१०/
१९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे आली. दिवाणी कोर्टाचा लांबचा वळसा टळला. मात्र अर्जाची मुदत होती साठ दिवस! ज्याचे माणूस गेले त्याचे सुतक, कर्ज, धावपळ या सगळ्यात साठ दिवस कसे संपतात हे सांगायला नको. पुढे १९६९ च्या दुरुस्तीने मुदत सहा महिने केली. हे ‘सहा महिने’ लक्षात ठेवावेत. पुढे त्यांची पुन्हा गाठ पडणार आहे.

११/
येथवर सर्व ठीक. तरी मधोमध एक दगड होताच : चालकाची हयगय सिद्ध करणे. धडक बसलेला बेशुद्ध किंवा मृत. साक्षीदार पांगलेले. पंचनाम्यात रस्त्यावरच्या खुणा, त्याही पावसाने किंवा रहदारीने पुसलेल्या. चालक मात्र शुद्धीवर, आणि ‘सायकलवाला एकदम आडवा आला’ हे त्याचे वाक्य तयार. ज्याच्याकडे पुरावा कमी, त्याच्याच डोक्यावर पुराव्याचे ओझे.

१२/
त्यातून ‘तुझीही चूक होती’ हे दुसरे हत्यार. याचा उगम १८०९ च्या ‘बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर’ या इंग्रजी खटल्यात. एकाने रस्त्यात खांब आडवा टाकून ठेवला, दुसरा संध्याकाळी भरधाव घोड्यावरून येऊन त्यावर आदळला. घोडेस्वाराने नीट पाहिले असते तर टळले असते, म्हणून त्याला छदामही मिळाला नाही. स्वतःची थोडी जरी चूक असली तरी सारा दावा बुडाला, असा हा नियम. १८४२ मध्ये एका गाढवाने त्याची धार जराशी बोथट केली. ‘डेव्हिस विरुद्ध मॅन’ खटल्यात मालकाने पाय बांधून रस्त्यावर चरायला सोडलेले गाढव एका गाडीखाली मेले. मालक चुकला होता हे खरे, पण गाडीवानाला अपघात टाळण्याची शेवटची संधी होती, म्हणून भरपाई मिळाली. दोषाची टक्केवारी ठरवून त्या प्रमाणात भरपाई कमी करण्याची आजची रीत इंग्लंडमध्ये १९४५ च्या कायद्याने पक्की झाली. भारतात तसा स्वतंत्र कायदा नसतानाही न्यायालयांनी तीच वाट धरली.

१३/
२००३ साली मुंबईतील बेस्टच्या बसखाली सापडलेल्या एका तरुण सायकलस्वाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याने वाहतुकीचा नियम मोडला होता. दावा बुडाला नाही. त्याच्या वाट्याचा दोष धरून भरपाई कापली गेली. ही रीत खांब-घोडेस्वाराच्या नियमापेक्षा माणुसकीची, यात शंका नाही. पण तिचा गैरवापर सोपा आहे. दिवा नव्हता, घंटी नव्हती, डबलसीट होते, असे म्हटले की विमा कंपनीचा वकील टक्केवारी मागायला मोकळा.

१४/
अशा वेळी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल अवश्य आठवावेत. २००८ मध्ये, परवाना नसताना दुचाकी चालवणाऱ्या मुलाच्या प्रकरणात (सुधीरकुमार राणा), न्यायालयाने म्हटले की परवाना नसणे हा गुन्हा असेल, पण तेवढ्यावरून अपघातात त्याची हयगय होती असे ठरत नाही. २०२० च्या मोहम्मद सिद्दिक प्रकरणात मोटारसायकलवर तिघे बसले होते. नियमभंग उघड होता. पण त्या नियमभंगामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हा कार्यकारणसंबंध दाखवल्याविना भरपाई कापता येत नाही, असे ठरले. भर दुपारी मागून ट्रकने उडवलेल्या सायकलला दिवा नव्हता, हा मुद्दा या कसोटीवर क्षणभरही टिकू नये.

१५/
आता या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण, आणि ते मुंबईचे आहे. सत्तरच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने एका मोटार-ट्रक टकरीच्या प्रकरणात धाडसी भूमिका घेतली : सार्वजनिक रस्त्यावर मोटार वापरल्याने इजा झाली, एवढेच दायित्वाला पुरेसे आहे, हयगय सिद्ध करण्याची गरज नाही. विमा सक्तीचा आहे, न्यायाधिकरण स्वतंत्र आहे, कायद्याचा हेतू पीडिताला आधार देण्याचा आहे. मग जुन्या इंग्रजी दोषतत्त्वाला कवटाळून का बसायचे, अशी ही विचारसरणी. २८ जानेवारी १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘मिनू मेहता’ निकालात ती फेटाळली. हयगयीचा पुरावा हवाच. दोषाविना दायित्व आणायचे असेल तर ते कायदेमंडळाने आणावे.

१६/
तांत्रिक दृष्ट्या सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे समजण्यासारखे होते. कायद्याच्या शब्दांत जे नाही ते न्यायालयाने घालू नये, याला अर्थ आहे. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाटून जाते की मुंबईचा निकाल टिकला असता तर पुढच्या अर्धशतकातील हजारो दावे वेगळ्या पायावर उभे राहिले असते. पुढच्याच काही वर्षांत न्या. कृष्ण अय्यर यांनी आपल्या निकालांतून दोषनिरपेक्ष दायित्वाची मागणी लावून धरली. विधी आयोगाचे अहवालही त्याच दिशेने होते.

१७/
अखेर १९८२ मध्ये संसदेने पाऊल टाकले. कलम ९२-अ : मृत्यू झाल्यास १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये, दोष कोणाचा हे न विचारता. पीडिताच्या स्वतःच्या चुकीमुळेही ही रक्कम कमी करता येत नसे. रक्कम तुटपुंजी होती. तत्त्व मात्र मोठे होते, आणि रचना त्याहून शहाणी : हे पैसे आधी घ्या, हयगय सिद्ध करून पूर्ण भरपाईचा दावा पुढे चालवा, मिळालेली रक्कम त्यातून वळती होईल. १९८८ च्या नव्या कायद्याच्या कलम १४० ने हीच चौकट ठेवली. १९९४ मध्ये रकमा ५०,००० आणि २५,००० झाल्या, दाव्याची कालमर्यादा पूर्णपणे काढून टाकली गेली आणि पीडित राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही अर्ज करण्याची मुभा मिळाली. परगावी अपघात झाला म्हणून तिथल्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्याचे संकट टळले. सायकलस्वारासाठी १९९४ हे या इतिहासातील शिखर म्हणता येईल.

१८/
इतर देश तोवर कुठे पोहोचले होते? नेदरलँड्समध्ये मोटारचालकावरच जबाबदारीचा प्राथमिक भार टाकणारा नियम १९२० च्या दशकापासून आहे. अपघात पूर्णपणे आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने घडला, हे चालकाने सिद्ध करायचे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे आणखी स्पष्ट केले की चौदा वर्षांखालील मुलाला, अगदी अपवाद वगळता, पूर्ण भरपाई मिळेल. प्रौढ सायकलस्वाराची चूक असली तरी, चालकाला तो अटळपणा सिद्ध करता आला नाही तर, किमान निम्मी मिळेलच. फ्रान्सने ५ जुलै १९८५ च्या बादँतेर कायद्याने मोटारचालक नसलेल्या पीडिताला जवळजवळ प्रत्येक प्रसंगी शारीरिक इजेची भरपाई दिली; सोळा वर्षांखालील आणि सत्तरीपुढील व्यक्तींना तर आणखी मोठे कवच.

१९/
यावर ठरलेला आक्षेप असा : आपल्याकडचे सायकलस्वार उलट बाजूने येतात, सिग्नल तोडतात, मग चालकाने का भरावे? आक्षेपातली वस्तुस्थिती खोटी नाही. पण भरणारा चालक नसतो. १९४६ पासून तो विमा कंपनी आहे, आणि हप्ता सर्व मोटारमालकांमध्ये वाटला जातो. दोन टनांचे यंत्र रस्त्यावर आणण्याची ही किंमत आहे. सायकलस्वाराने नियम मोडला तर त्याला दंड जरूर करावा. दंडाची शिक्षा काही रुपयांची आणि भरपाई नाकारण्याची शिक्षा आयुष्यभराची, या दोन्हींची सरमिसळ करणे म्हणजे १८०९ च्या खांबाकडे परत जाणे.

२०/
आणि परत जाणे घडलेच. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १४० काढून टाकले. त्याऐवजी कलम १६४ आले : मृत्यूसाठी पाच लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, दोष सिद्ध न करता. आकडा पाहून टाळ्या वाजल्या. पण कलम १६६ ला जोडलेल्या परंतुकाप्रमाणे विहित पद्धतीने ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा संपुष्टात येतो. पूर्वीचा पहिला हप्ता आता शेवटचा झाला. पंचविशीतला कमावता मुलगा गमावलेल्या कुटुंबाने हातातले पाच लाख घ्यावेत, की हयगय सिद्ध करण्याच्या भरवशावर त्याहून मोठ्या रकमेसाठी थांबावे? घरात रोकड नसलेला माणूस काय निवडेल हे उघड आहे. त्याच दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदतही परत आणली. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. १९९४ मध्ये काढलेली भिंत जशीच्या तशी पुन्हा उभी. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

२१/
न्याय्यपणे सांगायचे तर या दुरुस्तीत चांगलेही आहे. पोलिसांनी तपासादरम्यान अपघात माहिती अहवाल तयार करून न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि तो अहवालच भरपाईचा अर्ज मानला जावा अशी तरतूद आहे. जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या बाबतीत १९८२ मध्ये मृत्यूसाठी ५,००० रुपये मिळत. २०२२ पासून दोन लाख मिळतात, गंभीर दुखापतीसाठी ५०,०००. एकट्या २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली, त्यांतील ३० हजारांहून अधिक अशा पळून गेलेल्या वाहनांखाली. तरी या योजनेखाली येणारे दावे इतके कमी होते की जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना सांगावे लागले : पीडितांना ही योजना आहे हे तरी कळवा.

२२/
म्हणून सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने काही गोष्टी ठाऊक ठेवाव्यात. धडकेनंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे कलम १३४ प्रमाणे चालकाचे कर्तव्य आहे. ‘इथेच मिटवू’ म्हणून हातावर ठेवलेल्या नोटांनी ते फिटत नाही. वाहनाचा क्रमांक, जागेची आणि सायकलची छायाचित्रे, पहिल्या उपचाराचे कागद आणि फिर्यादीची प्रत जपावी. मोडलेली सायकल लगेच दुरुस्त करू नये. धडक कोणत्या बाजूने बसली हे तिच्याइतके स्पष्ट कोणी सांगत नाही. आणि सहा महिन्यांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणावून ठेवावी.

२३/
उरला एक नवा प्रश्न, ज्याकडे फारसे कुणाचे लक्ष नाही. हे सारे हक्क धडक देणारे वाहन कायद्याच्या व्याख्येत ‘मोटार वाहन’ असेल तरच मिळतात. सायकलने सायकलला धडक दिली तर न्यायाधिकरण नाही, विमा नाही. १८५५ च्या काळातला दिवाणी दाव्याचा रस्ता तेवढा उरतो. साध्या सायकलीपुरते हे एक वेळ चालून गेले. पण पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत धावणाऱ्या हलक्या विजेच्या दुचाक्याही केंद्रीय नियमांनुसार मोटार वाहन ठरत नाहीत. त्यांना नोंदणी नाही, परवाना नाही, विमा नाही. शहरात घरपोच सामान पोहोचवणारे कित्येक तरुण आज त्यांवरूनच धावतात, बहुधा घड्याळाशी झुंजत. अशा गाडीने उद्या एखाद्या सायकलस्वाराला पाडले तर जखमीने कोणाकडे पाहायचे? आणि पाडणारा तो तरुण, ज्याच्यामागे विमा कंपनी उभी नाही, त्याने भरपाई कोठून आणायची? मस्वेल हिलचा तो प्रश्न, ‘ही गाडी आहे काय?’, पुण्या-मुंबईच्या कोर्टांत पुन्हा विचारला जाईल तेव्हा विचारणारा कदाचित इस्पितळातून आलेला असेल.